बाळ्याचा बाळय्या

कातकरवाडी, कोन,
ता. पनवेल
९ डिसेंबर २०२४

आदरणीय गुरुजी,
साष्टांग नमस्कार.

ओळखलं का? रूपा. रूपा बाळ्या हिलम. चौथीत तुमच्या टेबलावर शाईची दौत सांडली आणि वर तुम्हालाच विचारलं, "दौत काठावर कशाला ठेवली?" ती. तुमच्या लेकीला, ताईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, बाबांना फोनवर काही ऐकू येत नाही, तू पत्रच लिही, त्यांना पत्र आलं की जेवण गोड लागतं. म्हणून लिहितेय. अक्षराला हसू नका, सवय गेलीय.

आधी सरळ काम सांगते. मी पनवेलला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मराठीच्या मॅडमनी प्रकल्प दिलाय. एक प्रत्यय घ्यायचा आणि तो आपल्या आणि शेजारच्या भाषांत काय काय करतो ते बघायचं. वर्गातल्या मुलींनी 'पणा' घेतला, 'गिरी' घेतली, 'दार' घेतला. मी '-या' घेतला. मॅडम म्हणाल्या, हाच का गं? मी म्हटलं, आमच्या वाडीत बाप्यांची मोजदाद करा, बाळ्या, नाग्या, काळ्या, सोम्या. हजेरीला माझं नाव पुकारलं की मागच्या बाकावर अजून फिदीफिदी हसतात. तर म्हटलं, बघू तरी हा '-या' आहे कोण. तुम्ही तिकडं कानडी मुलखात राहता, तुम्हाला हिंदी, गुजराती सगळं येतं. मला सांगा.

दुसरं काम खरं तर पहिलं आहे. बाबा दिवाळीनंतर जीवन मुकादमाबरोबर तिकडं कोळशाच्या भट्टीवर गेलाय. तुम्ही मे महिन्यात वाडीत आला होता तेव्हा म्हणाला होता ना, "बाळ्या, त्या भट्ट्या माझ्या घरापासून फार लांब नाहीत, काही लागलं तर मी आहे." त्या भरवशावर तो गेला. दर वर्षी आय बरोबर असते. भट्टीवर जोडीच लागते. या वर्षी मी तिला शिबिरात नेऊन मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टर म्हणाले, सहा महिने धूर नाही. म्हणून बाबा एकटा गेला.

आठवड्यातून एकदा तो मुकादमाच्या फोनवरून बोलायचा. दोन आठवडे झाले, फोन नाही. मुकादम म्हणतो, "तुझा बाप पळाला, पेटती भट्टी टाकून." गुरुजी, हे खोटं आहे. आमच्यातला माणूस दारू पिऊन पडेल, मुकादमाला शिव्या देईल, पण पेटलेली भट्टी सोडून जाणार नाही. मी लहान असताना माझा भाऊ भट्टीवरच वारला, तेव्हासुद्धा बाबा भट्टी विझेपर्यंत थांबला होता. त्याला काहीतरी झालंय. तुम्ही एकदा जाऊन बघून या ना.

आयचा नमस्कार.

तुमची,
रूपा

&nbsp;

इंडी, जि. विजयपुरा
१८ डिसेंबर २०२४

चि. रूपास अनेक आशीर्वाद.

अगं, ओळखलं का म्हणून काय विचारतेस! शाईचा तो डाग माझ्या धोतरावर तीन वर्षं होता. बायको असेपर्यंत तुझ्या नावानं बोटं मोडायची.

तुझा विषय वाचला आणि माझ्यातला मास्तर ताडकन उठून बसला. '-या' निवडलास, शाबास! मॅडमना म्हणावं, प्रतिष्ठित प्रत्यय कुणीही निवडतो. आता ऐक. मराठीत हा प्रत्यय नावाला लागला की माणूस जवळ येतो, नाहीतर खाली जातो. तिसरं काही होत नाही. मित्र म्हणाला राम्या, तर गळ्यात हात. सावकार म्हणाला राम्या, तर पायरीखाली उभा राहा. प्रत्यय तोच, तोंड वेगळं. शिवाय व्यंगावरून, रंगावरून नाव पाडायलाही हाच: लंगड्या, काळ्या. हिंदीत जा. तिथे 'इया' होतो आणि वस्तू लहान, लाडकी करतो. बेटीची बिटिया, डिब्ब्याची डिबिया, खाटेची खटिया. शिव्या नाहीत त्यात, नुसती माया. गुजरातीत कापडिया म्हटलं की कापडवाला. तिथे तो धंदा सांगतो, आणि लोक अभिमानानं आडनाव म्हणून लावतात.

आणि इकडे? इकडे बसवय्या, वीरय्या, रामय्या. हा 'अय्या' म्हणजे थोर, वडीलधारा, धनी. तेलुगूतही तेच. म्हातारा माणूस, पूजा सांगणारा माणूस, ज्याच्यापुढे मान लववायची तो. प्रकल्पात मात्र प्रामाणिकपणे लिही की याचं कूळ निराळं आहे. आपला '-या' आणि त्यांचा 'अय्या' सख्खे भाऊ नव्हेत, नुसते एकसारखे दिसतात. पण कानाला फरक कुठे कळतो? पनवेलच्या राम्याला इकडे आणून सोडला, तर त्याला वाटेल आपण एका रात्रीत पाटील झालो!

हिंदीतला 'रसोइया' राहिला. त्यावर पुढच्या पत्रात लिहितो.

बाळ्याचं वाचलं. काळजी करू नकोस. मुकादम लोक असंच बोलतात. भट्ट्या भीमेच्या काठी आहेत, इथून अठरा किलोमीटर. दिवाळीपासून जाऊ जाऊ म्हणतोय, पण गुडघ्यांनी असहकार पुकारलाय आणि जावईबापूंची गाडी दुरुस्तीला गेलीय. या आठवड्यात नक्की जातो.

आईला डोळा सांभाळायला सांग.

तुझा,
कमलाकर गुरुजी

&nbsp;

कातकरवाडी, कोन
२७ डिसेंबर २०२४

आदरणीय गुरुजी,
नमस्कार.

पत्र वाडीत मोठ्यानं वाचलं. आमच्यात पत्र एकट्यानं वाचत नाहीत. कुणाचंही आलं तरी सगळे जमतात. तुमचं 'पायरीखाली उभा राहा' ऐकून नाग्याकाका म्हणाला, "गुरुजींना बरं ठावं!"

प्रकल्पासाठी मी माणसं गाठायला लागलेय. रविवारी सुकापूरला गेले. तिथं दाजी आणि त्यांची बायको कमळाबाई राहतात. पूर्वी त्यांची भातशेती होती, बाबानं पंधरा वर्षं त्यांच्याकडं नांगर धरला. आता शेतावर टॉवर उभा आहे आणि खाली कमळाबाईंच्या नातवाचं, दीपेशचं ऑफिस आहे. मी विचारलं, "आजी, तुम्ही माझ्या बाबाला बाळ्या का म्हणायच्या?" त्या म्हणाल्या, "अगो, मायेनं! आमच्या घरचाच तो." मायेनं म्हणायच्या हे खरं आहे. बाबाला ताप आला तर काढा करून पाठवायच्या. पण आमचा कप ओटीवरच्या खिळ्याला वेगळा टांगलेला असायचा, तेही खरं. दोन्ही लिहून घेतलं.

मग दीपेश आला. चोवीस वर्षांचा. तोही बाबाला "ए बाळ्या" म्हणायचा. बाबा पन्नाशीचा. त्याला विचारायच्या आधीच त्याचा मित्र बाहेरून ओरडला, "दीप्या, चल ना लवकर!" तो हसत हसत गेला. मी ते पण लिहिलं. बाबाला एकदा मी चिडून म्हटलं होतं, तू ओ का देतोस? तो म्हणाला, "हाक मारली त जावा लागतं. कशी मारली ते बघत बसलो त रोज बुडंल."

गुरुजी, आता प्रत्यय राहू दे बाजूला. तुम्ही "या आठवड्यात" लिहिलं त्याला नऊ दिवस झाले. आय रोज संध्याकाळी रस्त्यापर्यंत जाऊन येते. डोळ्याला हिरवी पट्टी, लोक हसतात. मी सांगते बस, तर म्हणते, "जोडीदार खालून बघाय नसला त वरच्याचा पाय चुकतो." भट्टीचं तसंच असतं. एक जण मातीच्या ढिगावर चढून भेगा लिंपतो आणि दुसरा खालून धूर बघून सांगतो, इथं टाक पाय, तिथं नको, आत पोकळ झालंय. बाबा वर आणि आय खाली. पंचवीस वर्षं. या वर्षी खाली कोण आहे?

तुम्हाला रिक्षाचे पैसे पाठवू का? रागावू नका. पण जा.

तुमची,
रूपा

&nbsp;

इंडी
८ जानेवारी २०२५

चि. रूपास अनेक आशीर्वाद.

गेलो होतो. परवा गेलो. जावयाच्या गाडीनं दोन तास मोडले, रस्ता म्हणजे नुसती वेडी बाभूळ.

आधी तुझ्या प्रकल्पाला उपयोगी पडेल असं सांगतो. भट्ट्यांना लागून गुरुसिद्धय्या नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं रान आहे. त्याला मराठी मोडकं येतं, मला कानडी मोडकं. मी म्हटलं, "आमचा बाळ्या." तो म्हणाला, "बाळ्या अल्ल, बाळय्या!" नव्हे, बाळय्या. तिथल्या सगळ्या गावानं तुझ्या बापाचा बाळय्या करून टाकलाय. बायका पाणी भरायला जाताना "बाळय्या" म्हणूनच त्याचं नाव घेतात. का म्हणून विचारलं, तर म्हातारा म्हणाला, ढोराला काटा रुतला की बाळय्या काढायचा, साप निघाला की बाळय्याला बोलवायचे, कधी काही मागितलं नाही, मग अय्या नाही तर काय म्हणायचं? मी दोन पानं टिपणं काढली. म्हातारा किती बारकाईनं सांगत होता! वयानं लहान असला तरी 'अय्या' लावतात का, कामकऱ्याला लावतात का, परक्याला लावतात का, सगळं विचारून घेतलं. सोबत जोडतोय. कुणाच्याही प्रकल्पात असा पुरावा नसेल.

बाळ्या बरा आहे. भेट झाली. अंगानं जरा वाळलाय. मुकादमाशी काही बोलाचाली झाली म्हणून पलीकडच्या भट्टीवर गेलाय. त्यालाच मुकादम 'पळाला' म्हणतो. तिथे फोनला रेंज नाही. शिमग्याला येईन म्हणाला. तू परीक्षा नीट दे, आईला डोळा सांभाळायला सांग.

थकलोय, जास्त लिहीत नाही. 'रसोइया'बद्दल पुन्हा केव्हातरी.

कमलाकर गुरुजी

&nbsp;

कातकरवाडी, कोन
१९ जानेवारी २०२५

आदरणीय गुरुजी,

तुमच्या पायावर डोकं ठेवते!

संक्रांतीच्या दिवशी पत्र मिळालं. पोस्टमन देऊन गेला आणि मी पारावरच वाचायला घेतलं. "बाळ्या बरा आहे, भेट झाली," इथं आले आणि शकूआत्या रडायलाच लागली. मग सगळ्यांनी मला ते बाळय्याचं पुन्हा वाचायला लावलं. तीनदा. नाग्याकाका उठून उभा राहिला, कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आता मना पण नागय्या म्हनाचा!" किती हसलो, गुरुजी! महिनाभरात वाडीत पहिल्यांदा हसणं झालं. आय हसली नाही. ती म्हणाली, "परत वाच, ढोराचा काटा काढला ते." मग म्हणाली, "इथं पन्नास वर्सं रायला त कुनी असा नाय बोलला त्याला."

आणि दुसऱ्या दिवशी तिनं गाठोडं बांधलं. मी भांडले, डॉक्टरांचा कागद दाखवला. ती ऐकेना. "त्याला लोक मान देतात नि त्याचे खाली बघाय कोन नाय. मी खालीच बसनार हाय, धुरात नाय जानार." १६ तारखेला जीवन मुकादम आणखी जोड्या न्यायला आला होता. तिनं मला तुमचं पत्र त्याला वाचून दाखवायला लावलं. 'भेट झाली' ते त्यानं परत वाचायला लावलं. मग म्हणाला, "हां, पलीकडच्या भट्टीवर आहे ना, चल, तुला तिथंच सोडतो." १७ला सकाळी ती जीपनं गेली. बाबासाठी सुका जवळा नेलाय आणि कमळाबाईंनी दिलेली जुनी, पण चांगली साडी नेसून गेलीय. हातभर बांगड्या भरल्या. लग्नाला निघाल्यासारखी निघाली.

ताईंना फोन करत होते, तो नंबर आता लागत नाही. तुम्हाला जमलं तर एकदा दोघांना बघून या. आयला म्हणावं, डोळ्यात थेंब घाल.

प्रकल्प दिला. मॅडमनी बाळय्याची पानं वर्गात वाचून दाखवली. मागच्या बाकावर कुणी हसलं नाही.

तुमची,
रूपा

&nbsp;

इंडी
३० जानेवारी २०२५

रूपा,

हे पत्र तुझ्या आईच्याच हाती देतोय. तिला वाचता येत नाही, पण यात काय आहे ते तिला ठाऊक आहे. ती म्हणाली, पोरीला फोनवर सांगू नका, मी घरी पोचते मग ती वाचंल.

तुझा बाप मेला आहे. मी ६ जानेवारीला गेलो तेव्हाच मेलेला होता, एक महिना होऊन गेला होता. भेट झाली, हे मी खोटं लिहिलं.

घडलं ते असं. भट्टी पेटून पाच दिवस झाले होते. वरून भेग पडली, ज्वाळ निघायला लागली. बाळ्या एकटा चढला. खाली कुणी नव्हतं. वरचा थर बसला आणि तो कमरेपर्यंत आत गेला. बाजूच्या भट्टीवरच्या लोकांनी ओढून काढला. मुकादमानं गाडी बोलवायला वेळ लावला. संध्याकाळी गेला. मुकादमानं सगळ्या जोड्यांना दम दिला, बोललात तर पोलीस तुम्हालाच धरतील, आणि वाडीत सांगितलं की पळाला. गुरुसिद्धय्यानं आपल्या रानाच्या कोपऱ्यात त्याला माती दिली. त्याच्या घरच्या बाईनं त्या जागेवर पाणी घातलं. मी त्या जागेजवळ बसूनच ती दोन पानं लिहून घेतली.

का लिहिलं खोटं? तुझी परीक्षा, आईचा डोळा, ही कारणं मी स्वतःला सांगितली. खरं कारण मी त्याला शब्द दिला होता हे आहे. "काही लागलं तर मी आहे." दिवाळीपासून अठरा किलोमीटरवर होता तो, आणि मी एकदाही गेलो नाही. गेलो असतो तर खाली माणूस नाही हे माझ्या लक्षात आलं असतं का, कुणास ठाऊक. पण तुला 'मेला' लिहिलं असतं तर पुढची ओळ माझ्याबद्दल लिहावी लागली असती. मी भ्यालो. म्हणून बाळय्याबद्दल लिहिलं. तेवढं एक खरं होतं माझ्यापाशी.

तुझं १९चं पत्र मला २५ला मिळालं. वाचलं आणि तसाच निघालो. तुझी आई, साळू, भट्टीवर होती. मुकादमानं तिला सांगितलं होतं, नवरा लाकूड तोडायला लांब गेलाय, येईल, तोवर तू काम कर. आठ दिवस ती दुसऱ्या एकाच्या भट्टीखाली बसून धूर बघत होती. डोळा लाल, पाणी वाहत होतं. सगळ्यांना माहीत होतं, कुणी तिला सांगितलं नव्हतं. मला बघून उठली, पदर सारखा केला, हसली. म्हणाली, "आलात गुरुजी? तो आज येल बगा."

मी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. ती वरच्या माणसाला ओरडली, "डावीकडं नको, डावीकडं पोकळ हाय!" आणि मग खाली बसली. मी म्हटलं, साळू, चल. ती म्हणाली, "पेटली हाय. उतरली की जाऊ." चार दिवस ती तिथून हलली नाही. मीही थांबलो. त्या चार दिवसांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. भट्टी बंद झाली तेव्हा तिला त्या रानात नेलं. तिथे तिनं बांगड्या स्वतःच फोडल्या.

मुकादम पळून गेलाय. मी इथल्या पोलीस ठाण्यात लेखी जबाब दिला आहे, माझी सही आहे. तुझ्या आईला पनवेलच्या गाडीत बसवून देतोय. मी बरोबर यायला हवं होतं. येत नाही. तुझ्यासमोर उभं राहायची हिंमत नाही.

कमलाकर

&nbsp;

कातकरवाडी, कोन
५ फेब्रुवारी २०२५

गुरुजी,

आय पोचली. डाव्या डोळ्यानं आता तिला दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, गेला.

ऑपरेशनला मी नेली आणि भट्टीवर तुम्ही पाठवली. दोघांनी मिळून केलं हे.

मला तुमचं समजावणं नको, माफी नको, प्रत्यय तर नकोच नको. एक सांगा. बाबा कोणत्या दिवशी गेला? तुमच्या पत्रात कुठंच तारीख नाही. वाडीत दिवस घालायचे आहेत, माणसं विचारतात. तारीख, वार, तिथी, जे असेल ते लिहा. तेवढंच लिहा.

रूपा

&nbsp;

इंडी
१४ फेब्रुवारी २०२५

रूपा,

मला ठाऊक नाही.

६ जानेवारीला मी गुरुसिद्धय्याला विचारलं होतं, परक्याला 'अय्या' लावतात का, बायका लावतात का, लहानाला लावतात का. दोन पानं आहेत, तुझ्याकडेच आहेत, बघ. बाळ्या कोणत्या दिवशी गेला, हे मी विचारलंच नाही. मनातच आलं नाही माझ्या.

तुझं पत्र आल्यावर तीन दिवस तिथेच होतो. गुरुसिद्धय्या आजारी पडून मुलाकडे गेलाय, त्याला आता माणूस ओळखू येत नाही. त्याची सून म्हणते, अमावास्येच्या आदल्या दिवशी. शेजारच्या भट्टीवरचा माणूस म्हणतो, नाही, बाजाराचा दिवस होता, मी मीठ आणायला गेलो होतो. तिसरा म्हणतो, त्याच्याही नंतर. मुकादमाच्या वहीत बाळ्याच्या नावापुढे 'पळाला' एवढंच आहे, तारीख घातलेली नाही. नोव्हेंबरची अखेर किंवा डिसेंबरची सुरुवात. याच्या पलीकडे मला कुणी सांगू शकलं नाही.

जानेवारीत विचारलं असतं तर म्हाताऱ्यानं नक्की सांगितलं असतं.

कमलाकर

&nbsp;

कातकरवाडी, कोन
२१ फेब्रुवारी २०२५

गुरुजी,

पत्र मिळालं. या वेळी मी ते पारावर नेलं नाही. घरात, दार लावून, एकटीनं वाचलं. आयला सांगितलं, तारीख मिळाली नाही. ती म्हणाली, "मना कळला तो दिस धरा." म्हणजे २५ जानेवारी. तुम्ही भट्टीखाली उभ्यानं सांगितलं तो दिवस. आमच्याकडं आता बाबा त्या दिवशी गेला. त्याच्या आधीचे दोन महिने ती रोज कुंकू लावत होती, त्याचं काय करायचं ते तिनं मला विचारलं.

पनवेलला आदिवासींच्या संघटनेच्या बाईंनी चौकशीसाठी अर्ज लिहून दिलाय. तुमचा जबाब त्याला जोडला. जीवन मुकादम अजून सापडला नाही. कमळाबाई भेटायला आल्या होत्या. आमच्या दारात बसून खूप रडल्या. "माजा बाळ्या, माजा बाळ्या," करत होत्या. आयनं त्यांना चहा दिला, आमच्याच कपातून. त्यांनी घेतला.

मला तुमच्यावर राग आहे आणि तो जाणार नाही. पण एक गोष्ट तुम्हाला सांगितली पाहिजे. येत्या अमावास्येला दिवस घालतोय. आयनं मला बसवून पत्र लिहायला सांगितलंय. ती म्हणाली, "लिही, गुरुजी, तुमी यावा. तुमी चार दिस माजे संगती बसलात. त्याची माती तुमीच बघितलीत. त्याला पानी तुमचे हातनं जावा." ती हे मनापासून बोलली. दोनदा म्हणाली, आणि मी खरंच लिहितेय का ते बघायला जवळ येऊन बसली. आत्ताही बाजूलाच बसलीय, आणि तिला वाटतंय की मी तेच लिहितेय.

तुम्ही येऊ नका.

तिच्या तोंडावर मी नाही म्हणू शकत नाही, म्हणून इथं लिहितेय. हे पत्र मी तिच्यासमोरच पाकिटात घालीन. अमावास्येला तिनं वाट बघितली की सांगीन, गुरुजींचं पत्र आलं होतं, त्यांना ताप आहे, डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय. वाचून दाखव म्हणाली तर कोरा कागद धरून वाचून दाखवीन. तुम्ही जसं लिहिता तसंच बोलीन, मला ते येतं आता. तिला ते खरं वाटेल. तुमचं म्हणून जे काही वाचून दाखवलं, ते तिला नेहमी खरंच वाटलंय.

रूपा